थेंबबाई

माझ्या लग्नात बाई आल्या तेव्हा माझ्या चुलत सासूबाईंनी त्यांच्या हातात पन्ह्याचा पेला दिला. बाईंनी तो नाकापासून लांब धरला, दुसऱ्या हाताच्या तळव्याने पेल्यावरची हवा हळूच स्वतःकडे ओढली, मान किंचित तिरकी केली आणि मग एक घोट घेतला. सासूबाई बघतच राहिल्या. त्यांना वाटलं, हिला आमच्या पन्ह्याचा संशय आलाय. ती गोष्ट माझ्या सासरी अजून निघते आणि दर वेळी मला बाईंची बाजू घ्यावी लागते. मी सांगते, अहो, त्या सगळ्याचाच वास असा घेतात, मोगऱ्याचासुद्धा. बाटलीत नाक खुपसून वास घेणारा केमिस्ट फार दिवस केमिस्ट राहत नाही.

उरणहून न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक छोटी खाजगी लॅब होती. तिथे मी बी.एस्सी. झाल्याझाल्या लागले. बाई तिथल्या मुख्य केमिस्ट. बंदरात पिंपं येतात. कधी त्यांचं लेबल पावसाने धुऊन गेलेलं असतं, कधी कागदावर एक आणि आत दुसरंच असतं, तर कधी मालक माल सोडवायला येतच नाही आणि पिंप यार्डात उन्हात तापत पडतं. अशा पिंपातला बाटलीभर नमुना आमच्याकडे यायचा. यात काय आहे ते सांगा, एवढंच काम. बहुतेक वेळा 'काय'पेक्षा 'काय काय' हाच प्रश्न असायचा, कारण अशा पिंपात एकच एक शुद्ध पदार्थ सापडणं म्हणजे नवस फळण्यासारखं.

बाई ते ऊर्ध्वपातनाने वेगळं करीत. म्हणजे मिश्रण फ्लास्कमध्ये घालून सावकाश तापवायचं. त्यातला जो द्रव आधी उकळतो तो वाफ होऊन आधी वर चढतो, गार नळीत पुन्हा द्रव होतो आणि पलीकडे नळीच्या तोंडाशी थेंब थेंब पडायला लागतो. तो कोणत्या तापमानाला पडला हे तापमापीवर बघायचं. प्रत्येकाचा उकळण्याचा आकडा ठरलेला असतो, त्यावरून ओळख पटते. शेजारच्या खोलीत हेच काम झटपट करणारं मशीन होतं. बाई तेही वापरत, पण नंतर. "मशीनला उत्तर विचारायच्या आधी आपल्याला प्रश्न तरी कळू दे," असं म्हणत.

त्यांचं 'थेंबबाई' हे नाव मी तिथे लागायच्या आधीपासून पडलेलं होतं. एका थेंबानंतर दुसरा पडेपर्यंत माणसाचा श्वास घेऊन सोडून व्हावा, एवढा त्यांचा वेग. आमचे मालक गुजराती शेठ. ते दारात येऊन हात चोळायचे. "मॅडम, पार्टी बाहेर ऊभी छे, जरा जल्दी करो ने!"

"पार्टीला खुर्ची द्या," बाई तापमापीवरची नजर न काढता सांगत.

शेठ खुर्ची द्यायला निघून जायचे. मालक ते होते, पण त्या खोलीत हुकूम थेंबाचा चाले.

उकळताना द्रव एकदम उसळी मारतो. ती मारू नये म्हणून फ्लास्कमध्ये खरबरीत खडे टाकतात. ते विकतही मिळतात. बाई मात्र कौलाचे तुकडे वापरत. श्रीवर्धनला त्यांच्या भावाची सुपारीची वाडी आहे. तिथल्या घरावरचं एक फुटकं नळीचं कौल त्यांनी कधीतरी आणलं होतं, तेच हातोडीने फोडून, धुऊन, वाळवून चिनीमातीच्या बरणीत भरून ठेवलेलं. माहेरचं म्हणून त्यांच्याकडे मी एवढंच पाहिलं. भावाचा फोन गणपतीच्या आधी यायचा, येणार का म्हणून. बाई म्हणत, "बघते." आणि गणपतीत लॅब उघडून बसत.

त्यांचा एक मोठा नियम होता, पहिला भाग टाकून द्यायचा. नळीत आदल्या कामाचं काहीबाही राहिलेलं असतं, तापमान अजून बसलेलं नसतं, म्हणून सुरुवातीचे थेंब भरवशाचे नसतात. ते वेगळ्या परीक्षानळीत घ्यायचे, टाकाऊ बाटलीत ओतायचे आणि मग खरं काम सुरू करायचं. हा लॅबचा नियम बाईंनी माणसांनाही लावला होता. मी नोकरीला लागले तेव्हा कितीतरी दिवस त्या माझ्याशी कामापुरतंही धड बोलल्या नाहीत. मी माणगावकडच्या शेतकऱ्याच्या घरातली. आमच्याकडे शेजारणीशी वाकडं असलं तरी निदान भांडण तरी होतं. मी रडकुंडीला आले होते. मग एका दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "चल, आता बोल. तुझा पहिला भाग गेला." त्या दिवशी त्या 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या आणि मला काय हायसं वाटलं सांगू!

त्यांनी लग्न केलं नाही ते याच नियमापायी, असं शेठचा ड्रायव्हर सांगायचा. म्हणे एक स्थळ आलं होतं, मुलगा पहिल्या अर्ध्या तासात फार गोड बोलला, म्हणून बाईंनी नकार दिला. खरं की ड्रायव्हरने रचलेलं, देव जाणे. विचारायची माझी छाती नव्हती.

तपासल्याशिवाय कशालाही नाव द्यायचं नाही, हा दुसरा हट्ट. टपरीवरून आलेला चहा मी पुढे केला की विचारत, "हे काय?"

"चहा."

"कशावरून?"

मी हसायचे. त्या नाही हसायच्या. कुणी अंगावर आलेल्या ढगाकडे बघून पाऊस येणार म्हटलं तरी बाई म्हणत, "आला की कळेल." चिडचिड व्हायची माझी. असं सगळंच हातचं राखून माणसाने जगायचं कसं?

त्या एका खोलीत भाड्याने राहत. एकदा त्या तापाने पडल्या तेव्हा मी पेज घेऊन गेले होते. खोलीत सगळं एकेक, एक ताट, एक पेला, एक खुर्ची. मला खुर्ची देऊन त्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "एका माणसाचं वरण कधी जमत नाही बघ. पातेल्याला कळतच नाही." एवढं बोलून त्यांनीच विषय बदलला. मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की ते लपवायला मी भसाभसा काहीतरी बोलत सुटले. माझी बडबड त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतली. मी उठले तेव्हा म्हणाल्या, "अजून थोडी बस."

या सगळ्यात बाईंशी रोज भांडणारा एकच माणूस होता. तो म्हणजे नाखवा.

लवकर उकळणारे द्रव असले की नळीतून बर्फाचं पाणी फिरवावं लागे. आमच्या नळाला पाणी असेलच तर ते कोमट. म्हणून करंज्याच्या मासळी धक्क्यावरून बर्फ यायचा आणि तो आणायचे नाखवा. वय झालेले कोळी. पूर्वी त्यांची स्वतःची होडी होती. बायको गेल्यावर त्यांनी ती विकली, मुलगी खाडीपलीकडे रेवसला दिलेली, आणि आता ते जुन्या स्कूटरवर गोणपाटात गुंडाळून बर्फ पोचवायचे. त्या बर्फाला बांगड्याचा वास असायचा. आमची ती बादली आणि पर्यायाने आमची सगळी लॅबच त्या वासाची झाली होती.

"नाखवा, आजचा बर्फ कमी आहे," बाई सुरू करीत.

"बाय, बरफ हाय तो. वाटंन पानी होतंय त्याचा, मी काय करू?"

"कालच्यापेक्षा कमी आहे."

"मंग मोज ना! तू मोजल्याबिगर कवा बोलतंस?"

मग बाई खरंच गोणपाट काट्यावर ठेवीत. दोघं काट्याकडे बघत उभे राहत आणि बघता बघता बर्फाचं पाणी होऊन काट्यावरून ओघळायला लागे. "बग," नाखवा म्हणत, "आथा तुज्या समोर कमी झाला. आथा कुनाला बोलशील?" त्यानंतर ते दारातल्या स्टुलावर बसून चहा घेत. बोलणं फारसं नाही. नाखवा बाहेरच्या कंटेनरच्या गाड्या बघत, बाई आत थेंब बघत. नाखव्यांना यायला उशीर झाला तर बाई पाण्याचा टँकर आला का बघायच्या निमित्ताने फाटकापर्यंत जाऊन येत. टँकरचा वार तो नसला तरीही. हे मला दिसायचं, आणि मला दिसतंय हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही.

नाखवा संध्याकाळी घेत, घरी, एकटेच. सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनी त्यावर त्यांना कधी उपदेश केला नाही.

एका सकाळी नाखवा चालत आले. गोणपाट खांद्यावर, त्यातून पाणी गळतंय, पाठ भिजलेली. दारातून आत येताना त्यांचा खांदा चौकटीवर आपटला. त्यांनी बर्फ कसाबसा बादलीत टाकला, खिशातून पाण्याची बाटली काढली आणि टेबलाच्या कडेवर ठेवायला गेले. ती खाली पडता पडता मी धरली.

"बाय, जरा बग गो, माल कसा हाय. खडकान कॅन लागला व्हता, भरतीचा. वास तं दारूचा हाय. दोन घोट घेतलं. पन चव बरी नाय, म्हून ठेवला तसाच."

"कधी घेतलेत?" बाईंनी विचारलं.

"काल दुपारी."

"आता कसं वाटतंय?"

"पोटान मलमलतंय. स्कूटर नाय चालवली आज. केवडा धुका पडलाय भायेर, काय दिसंना."

मी बाहेर बघितलं. लख्ख ऊन होतं. समोरच्या कंटेनरचे पत्रे डोळ्यांवर चमकत होते.

विषारी दारूच्या बातम्या कुणी वाचलेल्या नसतात? मी म्हटलं, नाखवा, आधी दवाखान्यात चला, मी रिक्षा बोलावते. त्यांनी हात झटकला. "मी कय जानार नाय. दारू प्यालाय बोलून डागदर हाकलून देल. बाय सांगल तं जाईन." आणि ते आपल्या नेहमीच्या स्टुलावर जाऊन बसले. "बाय, तू सांग, काय हाय त्यान?"

म्हातारा बाईंच्या एका शब्दावर अडून बसला होता आणि बाईंच्या तोंडून तो शब्द निघेना. त्यांनी बाटली उजेडात धरली, तळव्याने वास घेतला आणि म्हणाल्या, "थांबा. बघते."

मशीन नेमकं दुरुस्तीसाठी उघडून पडलेलं. बाईंनी फ्लास्क घेतला, बाटलीतलं ओतलं, कौलाचे तुकडे टाकले. त्यांचे हात इतक्या घाईने चालताना मी कधी पाहिले नव्हते. नळीचं बूच बसवताना ते दोनदा निसटलं. चहाच्या किटलीतलं कढत पाणी त्यांनी मला फ्लास्कखालच्या भांड्यात ओतायला लावलं, लवकर तापावं म्हणून. एरवी असं करणाऱ्याला त्यांनी लॅबबाहेर काढलं असतं. नाखव्यांनीच आणलेल्या बर्फाचं पाणी नळीतून फिरायला लागलं.

"बाई, मी रिक्षा आणते. त्यांना उचलून नेऊ."

"आण. पण मी त्यांना सांगू काय? मला अजून माहीत नाही."

मी रिक्षा फाटकाशी उभी करून आले तरी थेंब पडला नव्हता. रिक्षावाला आणि मी दोघांनी नाखव्यांना धरून उठवायचा प्रयत्न केला. त्यांनी स्टूल घट्ट पकडून ठेवलं. आयुष्यभर जाळी ओढलेले हात ते, सुटतात होय? "आला का गो थेंब?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरा. सावकाश बग. मी बसलाय."

मला ओरडावंसं वाटत होतं, त्यांच्यावर आणि बाईंवरही. बाई तापमापीला इतक्या जवळ गेल्या होत्या की त्यांच्या श्वासाची वाफ काचेवर धरत होती.

मग नळीच्या तोंडाशी एक थेंब फुगला आणि पडला. मागोमाग दुसरा. तापमापी पासष्टच्या आसपास. आपल्या ओळखीची दारू अठ्ठ्याहत्तरला येते. पासष्टला येतं ते मिथेनॉल, जे आधी डोळे नेतं आणि मग माणूस. परीक्षानळीच्या तळाशी तो पहिला भाग जमा होत होता. बाईंनी नळी काढली आणि त्यांचा हात सवयीने टाकाऊ बाटलीकडे गेला. निम्म्या वाटेत तो थांबला. क्षणभर त्या नळीकडे बघत राहिल्या, मग त्यांनी ती स्टँडमध्ये ठेवली, शेगडीचं बटण बंद केलं आणि वळल्या.

"नाखवा, मिथेनॉल आहे. विष आहे. उठा."

म्हातारा लगेच उठला. "आथा सांगलंस ना. चल."

बाई अंगातल्या पांढऱ्या कोटासकट रिक्षात बसल्या. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना त्यांनीच सगळं सांगितलं. डॉक्टरांनी कुणाला हाकललं वगैरे नाही, उलट त्याच पावली अँब्युलन्समधून नवी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. घरात राहिलेला कॅन पोलिसांनी ताब्यात घेतला. दुसऱ्या कुणी त्यातलं घेतलं नव्हतं. नाखवा एकटे पीत असत, ते असं उपयोगी पडलं.

ते वाचले. रक्त धुऊन काढलं, नळ्या लावल्या. नंतर ते मलाच सांगत होते, "पोरी, डागदरान शिरंतून दारूच दिली मना. त्या दारूवर ही दारू!" खरंच आहे ते. मिथेनॉलवर साधी दारू उतारा म्हणून चालते. पण नजर परत आली नाही. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. मुलगी येऊन त्यांना रेवसला घेऊन गेली.

लॅबमध्ये बाईंचं फार कौतुक झालं. शेठने पेढे वाटले. "मॅडमे पहेला टीपां पर जान बचावी," पहिल्या थेंबावर जीव वाचवला, असं ते येईल त्या पार्टीला सांगत, आणि आता खुर्ची आपणहून पुढे करीत. बाईंनी पेढा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी उरलेलं मिश्रण त्यांनी नेहमीच्या संथपणे पूर्ण तपासलं. बहुतेक मिथेनॉलच होतं, बाकी पाणी. मग त्यांनी फ्लास्क घासला, घासतच राहिल्या. बर्फ आता धक्क्यावरचा दुसरा कुणी टेम्पोतून टाकून जायचा. तो पुरेसा असायचा. बाई काट्यावर ठेवत नसत.

पुढे माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि मी नोकरी सोडली. निघायच्या आधीच्या रविवारी बाई म्हणाल्या, "रेवसला येतेस? मी जाते दर रविवारी." मला पत्ताच नव्हता. ज्या बाई सख्ख्या भावाकडे गणपतीला जात नव्हत्या, त्या दर रविवारी करंज्याहून लाँच पकडून खाडी ओलांडत होत्या.

लाँचमध्ये त्या कठड्याशी बसल्या होत्या. मध्यावर आल्यावर एकदम म्हणाल्या, "त्यांनी धुकं म्हटलं ना, तेव्हाच मला कळलं होतं."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"बाहेर ऊन होतं. दारूचा वास होता. समुद्रातून आलेला कॅन. आणखी काय हवं होतं? एक शब्द बोलले असते तर ते लगेच उठले असते. बघितलंस ना कसे उठले ते? आणि मी कौलाचे तुकडे टाकत बसले."

"बाई, डॉक्टर म्हणाले की डोळ्यांचं जे व्हायचं ते रात्रीतच झालं होतं. त्या अर्ध्या तासाने काही फरक पडला नसता."

"डॉक्टरांनी मोजलंय का?"

मी त्यांचा हात धरला. पाच वर्षांत प्रथमच. तो गार होता आणि त्यांनी तो काढून घेतला नाही.

मुलीचं घर धक्क्याला लागूनच. अंगणात खाट टाकून नाखवा खाडीकडे तोंड करून बसले होते. बाई गेल्या आणि खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. ठरलेली जागा दिसली. मुलीने आत बोलावलं तशी मी उंबऱ्यात टेकले.

खाडीत इंजिनाचा आवाज आला. नाखव्यांनी मान उचलली.

"बाय, कुनाची होरी आयली गो?"

आता बाई म्हणणार, थांबा, बघते. मला खात्रीच होती. त्यांना एक होडी दुसरीपासून ओळखता येत नाही, नावं तर सोडाच.

"लाल पट्ट्याची," बाई त्याच श्वासात म्हणाल्या. "भरून आलीय."

धक्क्याला लागत होती ती हिरवी होती आणि रिकामी होती. मुलगी माझ्याकडे बघून ओठातल्या ओठात हसली. इंजिनाच्या आवाजावरून होडी भरलेली की रिकामी, हे जन्मभर ओळखलेला माणूस तो. त्यांनी मान डोलावली.

"पोरी," ते माझ्या दिशेने तोंड करून म्हणाले, "बाय आथा कायपन सांगते. पन इचारला का लगेच सांगते." मग पुन्हा खाडीकडे वळले. "आनि पानी कसा हाय गो, बाय?"

"चढतंय," बाई लगेच म्हणाल्या.

पाणी उतरत होतं.